ऑरवेलवरचं चित्रांचं पुस्तक, बाहेर दोन नावं, आत आणखी सहा. मग हे पुस्तक कुणाचं म्हणायचं?

खानापूरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सवडीनं वाचा.

चुलत बहीण पुण्याहून येताना 'ऑरवेल' नावाचं पुस्तक घेऊन आली. जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाचं अख्खं आयुष्य चित्रांत, म्हणजे कॉमिकच, खरं बारक्या पोरांचं नव्हे. मूळ फ्रेंच, दार्गो प्रकाशनानं २०१९ ला काढलेलं, आमच्या हातात आहे ती २०२१ ची इंग्रजी आवृत्ती. लेखक पिएर क्रिस्तँ, चित्रकार सेबास्तियाँ व्हर्दिए. फ्रेंच आवृत्तीचं कव्हर नेटवर बघितलं तर तिथं ऑरवेलच्या नावाबरोबर तो आयुष्यात काय काय होता याची माळच लावलीय, पोलीस, पत्रकार, कादंबरीकार, माळी, एकांतवासी असं करत करत शेवटी द्रष्टा. ऑरवेल बिहारमध्ये मोतीहारीला जन्मला १९०३ ला, बाप अफूच्या सरकारी खात्यात होता, वर्षभरात आईनं उचलून इंग्लंडला नेला, हे मला या पुस्तकामुळं कळलं.

आता मुद्दा. पुस्तकभर व्हर्दिएचं काम, काळंपांढरं, एकदम बारीक रेघ, मधेच कुठंतरी रंगाचा एखादा ठिपका. खरं अधूनमधून पान एकदम रंगीत होतंय आणि हात पण बदलतोय. ती पानं पाहुण्या चित्रकारांची. आंद्रे ज्युयार, ओलिव्हिए बालेझ, मानू लार्सने, ब्लुत्श, ह्वानहो ग्वार्निदो आणि एन्की बिलाल, असे सहा जण. ऑरवेलची स्वतःची वाक्यं टाइपरायटरच्या अक्षरात आणि बाकीचं निवेदन वेगळ्या अक्षरात, म्हणजे त्याची पण कुणीतरी डोकं लावून आखणी केलीच असणार की.

हे विचारायचं कारण असं की आम्ही दोघं मिळून असंच एक बारकं पुस्तक कराय बसलोय, ३२ पानांचं, आपल्याच भागातल्या एका कादंबरीकारावर (कोण ते आत्ता नको). थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी आपली बेळगावकडची साहित्यसंमेलनं सुरू होतात तेव्हा स्टॉलवर ठेवायचा विचार आहे. मी लिहालोय आणि दोस्त चित्रं काढालाय. दोस्त म्हणालाय दोघांची नावं एका ओळीत, एकाच साइझमध्ये पाहिजेत. आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं म्हणालेत की लेखक तो लेखक, चित्रकाराचं नाव आतल्या पानावर 'चित्रे' म्हणून टाक. मला काय ते सुचेना झालंय. अशा पुस्तकात लेखक नक्की काय करतो, चित्रकार काय करतो, आणि ते सहा पाहुणे कशाला बोलावले, जाणकारांनी सांगा.

---

टिळकवाडी_वाचक

खानापूरकर, चांगला विषय काढलात. मी पस्तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, ऑरवेलची ॲनिमल फार्म, ती प्राण्यांची कादंबरी, वर्गात कितीदा शिकवली त्याचा हिशेब नाही, पण या पुस्तकाकडे वळलो ते क्रिस्तँमुळे.

हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. जन्म १९३८ चा, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. 'व्हॅलेरियन' ही अवकाशातली चित्रमालिका त्याचीच, पिलोत नावाच्या फ्रेंच साप्ताहिकात १९६७ ला सुरू झाली, लुक बेसाँनं २०१७ ला तिच्यावर सिनेमा काढला तो कदाचित मुलांनी पाहिला असेल. (आपली अमर चित्र कथा पण १९६७ चीच, योगायोग.) चित्रं झाँ-क्लोद मेझिएरची. हे दोघं लहानपणी महायुद्धात बॉम्बहल्ल्याच्या वेळी तळघरात आसऱ्याला असताना पहिल्यांदा भेटले असं सांगतात, आणि पुढे जवळजवळ जन्मभर एकत्र काम केलं. तिसरं नाव कुणी घेत नाही, ते म्हणजे एव्हलिन त्रान्ले, मेझिएरची बहीण, व्हॅलेरियनचे रंग तिचे. ते परग्रहांवरचे बाजार आणि आकाशं आपल्या लक्षात राहतात ती निम्मी तिच्यामुळे.

आणि तुमच्या भांडणाला उपयोगी पडेल अशी गंमत सांगतो. व्हॅलेरियनच्या सुरुवातीच्या काळात क्रिस्तँचं स्वतःचं नावच छापलेलं नसायचं, 'लायनस' असं टोपणनाव असायचं. तो बोर्दोला पत्रकारिता शिकवायचा, तिकडे प्राध्यापकी आणि इकडे कॉमिक. म्हणजे या प्रकारात एके काळी लेखकालाच पडद्याआड बसावं लागलं होतं.

पाहुण्यांचं म्हणाल तर बिलाल काही परका नव्हे. क्रिस्तँ आणि बिलाल यांनी १९७९ आणि १९८३ मध्ये दोन जबरदस्त राजकीय चित्रकादंबऱ्या केल्यात, एकीत स्पेनच्या यादवीत लढलेले म्हातारे पुन्हा बंदूक हातात घेतात, दुसरीत पूर्व युरोपातले कम्युनिस्ट पुढारी शिकारीला जमतात. स्पेन आणि हुकूमशाही, हे ऑरवेलचेच विषय ना? म्हणजे ऐंशीच्या घरातला लेखक आपल्या जुन्या सोबत्याला बोलावतोय. ग्वार्निदो म्हणजे 'ब्लॅकसॅड'वाला, ज्यात सगळी पात्रं प्राणी, मांजर डिटेक्टिव्ह वगैरे. ॲनिमल फार्म लिहिणाऱ्याच्या पुस्तकात त्याला का बोलावलं असेल हे सांगायला नको. ज्युयारही गेला २०२४ मध्येच, क्रिस्तँच्या दोन महिने आधी.

माझ्या मते त्या रंगीत पानांची योजना अशी, की माणसाचं आयुष्य एका हातानं काढायचं आणि त्यानं लिहिलेलं जग दुसऱ्या हातांनी. वाचणाऱ्याला कुठेही 'आता आपण कादंबरीत शिरतोय' असं सांगावं लागत नाही, पान उलटलं की डोळ्यालाच कळतं. ही कल्पना कुणा एकाच्या डोक्यातून आली का दोघातिघांच्या बोलण्यातून ते पुस्तक वाचून कळत नाही, आणि खरं तर तेच त्याचं यश.

---

निपाणीकर_बाबू

एवढं काय त्यात? पुस्तक लेखकाचं. गोष्ट कुणाची, शब्द कुणाचे, अभ्यास कुणी केला? चित्रकाराला ठरलेले पैसे द्या, आत नाव टाका, विषय संपला. कथेच्या पुस्तकात पण आतली चित्रं असतातच की, कोण त्यांना सहलेखक म्हणतंय? दोस्ती एका बाजूला व्यवहार एका बाजूला. नंतर दुसरी आवृत्ती निघाली की वाटण्या कराय बसशील मग कळेल.

---

कुंचला_शहापूर

बाबू, तुमचं हे ऐकून हसावं की काय करावं कळेना. मी कमर्शियल आर्ट करून आयुष्य काढलंय, म्हणून जरा सविस्तर बोलतो, राग मानू नका.

कथेच्या पुस्तकातलं चित्र आणि हे, यात मोठा फरक आहे. कथेतलं चित्र काढून टाका, कथा उभी राहते. या पुस्तकातली चित्रं काढून टाका, उरतं काय? चारशे-पाचशे तुटक वाक्यं. आणि 'अभ्यास कुणी केला' म्हणता, तर अभ्यास चित्रकाराला लेखकापेक्षा जास्त करावा लागतो हो. लेखक एका ओळीत लिहून मोकळा होतो, '१९२२, ब्लेअर ब्रह्मदेशात पोलीस म्हणून रुजू' (ब्लेअर म्हणजे ऑरवेलच, त्याचं खरं आडनाव). चित्रकारानं काय करायचं? तेव्हाच्या पोलिसाची टोपी कशी, पट्टा कुठनं जातो, बूट कसले, बंदराची जेट्टी लाकडी का दगडी, बोटीचं धुराडं किती उंच. लेखकाला 'जहाज' हा शब्द पुरतो, आमाला जहाजच लागतंय. त्या एका पुस्तकात ईटनची शाळा आहे, ब्रह्मदेश, पॅरिस, इंग्लंडातल्या विगनच्या कोळसा खाणी, स्पेनचे खंदक, लंडनचे बॉम्ब, आणि शेवटी स्कॉटलंडचं जुरा बेट. प्रत्येक ठिकाणचे कपडे, भांडी, उजेड वेगळा. व्हर्दिएनं रेघ एवढी नेटकी ठेवलीय म्हणजे चूक लपवायला जागाच नाही ठेवली.

आता नावाचं. आपल्या देशातलंच उदाहरण घ्या, 'भीमायन', २०११ ला नवयाननं काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावर. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड या आदिवासी शैलीतली, आणि लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. त्याच्यावर चित्रकारांची नावं आधी आहेत. का? तर व्याम पतीपत्नींनी सांगितलं की माणसांना चौकटीत कोंबणार नाही, गुदमरतील. म्हणून पानाची चौकटच गेली आणि तिथं त्यांच्याकडच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीची वळणं आली. गोड बोलणाऱ्याच्या फुग्याला पक्ष्याचा आकार, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे सुचवणं लेखकाचं का चित्रकाराचं? निपाणीला बाबासाहेब येऊन गेलेत, तिथल्या माणसानं तरी ते पुस्तक चाळावं.

उलट बाजू पण बघा. काफ्कावर डेव्हिड मायरोवित्झ यांनी लिहिलं आणि रॉबर्ट क्रम्बनं चित्रं काढली, १९९३ ला आलं, आणि पुढच्या एका आवृत्तीत पुस्तकाचं नावच 'आर. क्रम्बचा काफ्का' झालं. लेखक बिचारा खाली गेला. ते पण वाईटच.

आपल्या बेळगावातनंच चित्रकार रवी परांजपे पुढं आले, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झालेले, टाइम्सपासनं आफ्रिकेपर्यंत काम केलं, आणि जन्मभर हेच सांगत राहिले की बोधचित्रकार, म्हणजे मजकुरासाठी चित्रं काढणारा, हा दुय्यम चित्रकार नव्हे. आणि आपण अजून विचारतोय नाव आत का बाहेर. अमर चित्र कथावाले अनंत पै सगळ्यांना माहीत, त्यांच्याकडं काढणारे राम वाईरकर किती जणांना माहीत आहेत हाताची बोटं मोजून सांगा.

तुमच्या दोस्ताला माझ्याकडनं नमस्कार सांगा आणि नाव बाहेर टाका.

---

खानापूरकर

कुंचला सर, दोस्ताला वाचून दाखवलं, आता त्याची कॉलर ताठ झालीय, चहा पण मलाच पाजायला लावला.

खरं एक सांगतो, तुमचं वाचून आठवलं म्हणून. आमचं पुस्तक सुरू करायच्या आधी हात बसावा म्हणून आम्ही ऑरवेलचाच एक लेख घेतला होता, हत्तीला गोळी घालायचा, १९३६ चा. ब्रह्मदेशात पोलीस असताना पिसाळलेला हत्ती सुटतो, हा रायफल घेऊन जातो, तोवर हत्ती शांतपणे गवत खात उभा, मारायची गरज नाही, खरं मागं दोनेक हजार माणसं जमलेली, त्यांच्यापुढं हसं होऊ नये म्हणून हा गोळी घालतो. एका पानात बसवायचं ठरलं.

मी लिहून दिलं पाच चौकटी, प्रत्येकीत तीनचार ओळी मजकूर. गोळी लागल्यावर हत्ती लगेच पडत नाही, एकदम म्हातारा झाल्यासारखा दिसतो, आणि मग पाचेक सेकंदांनी गुडघ्यावर बसतो असं मुळात आहे. मी ते सगळं एका चौकटीत घातलं होतं आणि वर लिहिलं होतं 'आणि हत्ती क्षणात म्हातारा झाला'.

दोस्तानं माझं वाक्य खोडलं. मजकूर जवळजवळ सगळाच काढला. त्या पाच सेकंदाला चार चौकटी दिल्या, चारीत हत्ती तसाच, त्याच जागी, फक्त कातडी सैल होत जाते, कान खाली येतो, सोंडेतला गवताचा पेंडका सुटतो. तो आमच्यातला म्हणजे तालुक्याच्या रानाकडचा, दांडेलीकडनं हत्ती भाताच्या शेतात उतरतात ते त्यानं बारकं असल्यापासनं बघितलंय, हत्ती बसताना मागचे पाय कसे मुडपतो ते त्याला मला विचारावं लागत नाही. आणि ऑरवेलला त्यानं काढलाच नाही, फक्त खालच्या कोपऱ्यात रायफलची नळी आणि मागं माणसांच्या पायांची रांग.

पान माझ्यापेक्षा भारी झालं हे मान्य. खरं मग माझं काम काय राहिलं? कुठला लेख घ्यायचा हे मी ठरवलं, कुठनं सुरू करून कुठं थांबायचं ते मी ठरवलं, आणि पानावर माझं एक पण वाक्य नाही. हे बघून घरचे विचारालेत तू काय केलंस म्हणून.

---

येळ्ळूरची_अक्का

भाऊ, तुम्ही कापलंत. तेच लेखकाचं काम. ४६ वर्षांचं आयुष्य, त्यातनं काय सोडायचं हे ठरवायला अक्कल लागते, घालायला काय, सगळेच घालतात.

मला बोलायचंय ते 'द्रष्टा' या बिरुदावर. ऑरवेल म्हटलं की लोक डोळे मोठे करून म्हणतात त्यानं भविष्य बघितलं. असं चित्र काढलं की मग कपाळामागं तेजोवलय आणि डोळे दूर कुठंतरी, आपल्याकडच्या संतांच्या कॅलेंडरासारखं. तसं करू नका म्हणजे झालं. त्यानं बघितलं ते समोरचंच. स्पेनच्या यादवीत लढाय गेला तेव्हा १९३७ ला बार्सिलोनात आपल्याच बाजूचे लोक एकमेकांवर गोळ्या झाडताना बघितले आणि मग पेपरात त्याचं भलतंच छापून आलेलं वाचलं, त्याच महिन्यात गळ्यातनं गोळी आरपार गेली तरी वाचला. १९४१ ते ४३ बीबीसीत होता, हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करायचा, मुल्कराज आनंद त्याच्या कार्यक्रमात असायचे. त्याच्या '१९८४' कादंबरीमधल्या भीतीच्या खोलीचा १०१ नंबर म्हणजे बीबीसीतल्या मीटिंगच्या खोलीचा. सत्य मंत्रालयाची ती उंच पांढरी इमारत म्हणजे लंडन विद्यापीठाचं सेनेट हाउस, युद्धात तिथं माहिती खातं होतं. म्हणजे द्रष्टेपण काढायचं असेल तर ऑफिस काढा, कॅन्टीन काढा, फायली काढा. म्हणूनच मला वाटतं व्हर्दिएची ती कोरडी, हिशेबी रेघ बरोबर बसलीय. रंगीत भव्यदिव्य करणारा चित्रकार घेतला असता तर त्या माणसाचा देव झाला असता.

आणि सहकारी सहकारी म्हणून सगळे पुरुषच मोजताय म्हणून एक नाव मी घालते. आयलीन. ऑरवेलची बायको. युद्धात आधी सेन्सॉर खात्यात नोकरी, मग अन्न मंत्रालयात. ॲनिमल फार्म लिहीत होता तेव्हा रोजच्या रोज तिला वाचून दाखवायचा. लग्नाच्या आधी, १९३४ ला, तिनं एक कविता लिहिली होती, तिच्या नावातच १९८४ हे साल आहे. १९४५ च्या मार्चमध्ये ऑपरेशनच्या वेळी गेली, ॲनिमल फार्म छापून आली ऑगस्टमध्ये. तुमच्या कादंबरीकाराच्या घरात पण अशी कोण असेल तर तिला एखादं पान द्या, नुसता चहाचा कप घेऊन दारात उभी काढू नका.

---

निपाणीकर_बाबू

कुंचला सर भीमायन मागवलं ऑनलाइन, बघतो. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. नाव बाहेर टाका, मोठं टाका, काय पण करा, खरं पैशाचं आधी कागदावर लिहा. छापायचा खर्च कोण घालणार, विक्रीतनं आधी खर्च वजा का आधी वाटणी, मूळ चित्रं कुणाच्या घरात राहणार, उद्या कुणी कन्नडमध्ये करतो म्हणून आला तर कुणाला विचारायचं. आमच्यात एकांनी दोस्तीखात्यात असंच केलं होतं, आज समोरासमोर आले तर रस्ता बदलतात.

---

टिळकवाडी_वाचक

बाबूंच्या या मुद्द्याला माझा दुजोरा. त्यात हक्काचंही बघून घ्या. भारतात लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. ऑरवेल २१ जानेवारी १९५० ला गेला, म्हणजे आपल्याकडे २०११ पासून त्याचं लेखन मोकळं, तुमच्या हत्तीच्या पानाला कुणी विचारणार नाही. क्रिस्तँ-व्हर्दिएच्या पुस्तकाला मात्र हात लावू नका, ते त्यांचं आणि प्रकाशकाचं.

तुम्ही नाव गुलदस्त्यात ठेवलंय, पण समजा (फक्त समजा) कोवाडकडे, म्हणजे कादंबरीकार रणजित देसाईंच्या गावाकडे बघताय. रणजित देसाई १९९२ ला गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत त्यांची वाक्यं कादंबरीतून उचलून फुग्यात घालायची तर हक्कदारांची परवानगी हवी. आयुष्यातल्या घटना सांगायला हरकत नाही, घटनांवर कॉपीराइट नसतो, पण त्यांचं गद्य त्यांचंच. आणि टाइपरायटरच्या अक्षरातली वाक्यं ही तर त्या ऑरवेलच्या पुस्तकाची अर्धी जान आहे, तेव्हा तुम्हाला तो प्रकार करायचा असेल तर हे आधी उरका, चित्रं काढून झाल्यावर नको.

---

डीटीपी_कॅम्प

सगळे लेखक चित्रकार करालेत, अक्षरवाल्याचं कुणी काढेना म्हणून बोलतो 😄

खानापूरकर, फुग्यातली अक्षरं कोण बसवणार हे ठरवलंय का? हे सगळ्यात शेवटी आठवतंय आणि तिथंच घाण होते. इंग्रजी फ्रेंच कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं, ओळीवर ओळ चिकटून बसते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्याच साइझचा फुगा घेतला तर ओळी एकमेकांच्या डोक्यावर बसतात. म्हणून दोस्ताला सांगा, पेन्सिलमध्ये असतानाच मजकूर बसवून बघ, मग शाई. आधी फुगा काढून मग शब्द कोंबायचे म्हणजे शेवटी लेखकाला वाक्य तोडायला लावावं लागतंय.

दुसरं, कुठल्या पण प्रेसला फाइल द्यायच्या आधी मजकूर आउटलाइन करून द्या, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून टाकायचं. मागं एका मोठ्या गावातल्या प्रेसला फाइल पाठवली, त्यांच्याकडं सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग बंद, सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पलीकडं आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेले, कुणी बघितलं पण नाही आणि छापून गठ्ठे बांधून पाठवलं. आपल्याकडं अजून बरेच जण श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरवर काम करतात, तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून देता, ते कन्व्हर्ट करताना पण असंच होतं, ऱ्य आणि ऱ्ह हमखास. कागदावर प्रूफ काढून दोघांनी वाचा, स्क्रीनवर वाचलं म्हणून सांगू नका.

रंगीत पानांची आयडिया चांगली आहे आणि तुमच्या बजेटमध्ये बसू शकते. सगळं पुस्तक चार रंगात छापलं तर महाग. ३२ पानं म्हणजे १६-१६ चे दोन फॉर्म (फॉर्म म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घालायचा एक मोठा कागद). कागद घडी घालून बारकी डमी करा, पानांना नंबर टाका आणि मग उलगडून बघा कुठली पानं एका बाजूला येतात. एका फॉर्मच्या एका बाजूला आठ पानं पडतात, ती आठच चार रंगात करायची, बाकी सगळं एकाच काळ्या शाईत. कादंबरीतली दृश्यं नेमकी त्या आठ पानांवर येतील असं लिहिणाऱ्यानं लिहायचं. आता सांगा, पुस्तक कसं चालणार ते कुणी ठरवलं, लेखकानं, चित्रकारानं, का मशीननं?

---

खानापूरकर

डीटीपी भाऊ, डमी करून बघितली, आमचा कादंबरीचा मोठा प्रसंग बरोबर काळ्या पानांवर आलाय आणि जन्म-शाळा-मुंज रंगीत पानांवर 😄 म्हणजे आता सगळा क्रम फिरवायला लागणार.

दोस्ताबरोबर रविवारी बसलो होतो. नावं एका ओळीत, एका साइझमध्ये, त्याचं आधी कारण आडनाव आधी येतंय, भांडण नको. पैशाचा कागद बाबूंनी सांगितला तसा केला, दोघांनी सही केली. अक्का, कादंबरीकाराच्या घरच्यांचं एक पान नव्हे दोन पानं ठेवलीत, त्यांच्या सूनबाईंना भेटायला जाणार आहे. टिळकवाडी सर, तुमचं 'समजा' बरोबर का चूक ते सांगणार नाही, खरं परवानगीचं पत्र लिहून झालंय.

पाहुणे चित्रकार पण पाहिजेत असं दोस्त म्हणालाय, रंगीत आठ पानांसाठी दोघंतिघं. कुंचला सर, तुमच्या क्लासमधली कुणी पोरं असतील तर बघा की. मानधन जास्त देता येणार नाही, पण नाव बाहेर असेल.

---

कुंचला_शहापूर

दोघी आहेत, एकीचा जलरंग चांगला, दुसरी डिजिटल करते. शनिवारी दुपारनंतर दोस्ताला हत्तीचं पान घेऊन पाठवा, मुलींना ते आधी बघू दे. आणि मजकूर तुम्ही स्वतः घेऊन या, मोबाइलवर पाठवू नका.